बिशप जॉन व्हिन्सेंट व शटॉक्वा गांव

राहुटी ही आज उभारावी व उद्यां गुंडाळून ठेवावी अशी वस्तु आहे. तिच्यांत राहून मनुष्य चार दिवस देवाचें वचन ऐकतो; त्याचें अंतःकरण द्रवतें, तो गातो, रडतो, पवित्र निश्चय करितो; आणि मग मेखा उपटून आपल्या शेताकडे परत जातो. त्या निश्चयाचें पुढें काय होतें, हा प्रश्न प्रत्येक पाळकास व उपदेशकास केव्हांना केव्हां तरी पडतच असतो. अमेरिकेंतील एका मेथॉडिस्ट उपदेशकानें हा प्रश्न आयुष्यभर मनांत वागविला. त्याचें उत्तर शोधतां शोधतां त्यानें व त्याच्या एका मित्रानें रानांतील एका छावणीचें विद्येचें गांव बनविलें. त्या गोष्टीस दीडशें वर्षें लोटलीं, तरी तें गांव अजून उभें आहे. त्या उपदेशकाचें नांव जॉन हाईल व्हिन्सेंट. त्यांचें चरित्र येथें वाचकांस थोडक्यांत सादर करितों.

व्हिन्सेंट यांचा जन्म इ. स. १८३२ च्या फेब्रुवारी महिन्याच्या २३ व्या तारखेस अमेरिकेच्या दक्षिण भागीं अलाबामा संस्थानांतील टस्कलूसा या गांवीं झाला. ते लहान असतांच त्यांचें कुटुंब उत्तरेस पेन्सिल्व्हेनिया संस्थानांत येऊन राहिलें. त्यांची आई मोठी धर्मशील बाई होती. घरांतील प्रार्थना, शब्बाथाचें पालन व शास्त्रवाचन यांचे संस्कार या बालकाच्या मनावर फार खोल उमटले. आसपासच्या शाळांतून जें शिक्षण मिळालें तेवढ्यावर वयाच्या पंधराव्या-सोळाव्या वर्षीं ते स्वतःच शाळामास्तर झाले, आणि अठराव्या वर्षीं त्यांस उपदेश करण्याचा परवाना मिळाला.

पुढें कॉलेजांत जाऊन रीतसर विद्या संपादन करावी, अशी त्यांची मनापासून इच्छा होती. पण उपदेशाचें काम अंगावर पडलें होतें, आणि एका विद्यालयांत अल्पकाळ शिकण्यापलीकडे तो योग त्यांस कधीं आला नाहीं. ही उणीव त्यांस जन्मभर सलत राहिली. विद्वानांच्या सभेंत बसतांना, ग्रंथांचें संपादन करितांना, फार काय, बिशपाच्या पदावर असतांनाही आपण कॉलेजाची पायरी चढलों नाहीं, ही गोष्ट ते विसरले नाहींत. दुसरा एखादा मनुष्य असता तर अशा दुःखानें कडवट झाला असता, किंवा विद्येलाच तुच्छ लेखूं लागला असता. व्हिन्सेंट यांनीं दोन्ही टाळलें. जें आपणांस मिळालें नाहीं तें दुसऱ्यांस कसें मिळेल, याचाच विचार ते करूं लागले.

त्या काळीं मेथॉडिस्ट मंडळींत असा नियम होता कीं, ज्या तरुण उपदेशकांस सेमिनरीचें शिक्षण मिळालें नसेल, त्यांनीं आपलें काम संभाळून चार वर्षें नेमलेलीं पुस्तकें वाचावीं व त्यांत परीक्षा द्यावी. व्हिन्सेंट यांनीं हा अभ्यास मोठ्या निष्ठेनें केला. दिवसां मंडळीची सेवा व उरलेल्या वेळांत पुस्तक, असा त्यांचा क्रम असे. घरीं राहून, पोटापाण्याचें काम करीत असतांही मनुष्यास क्रमवार विद्या मिळवितां येते, हा अनुभव त्यांस येथेंच आला. हें बीज पुढें वीस-पंचवीस वर्षांनीं उगवलें, तें कसें हें पुढें सांगण्यांत येईल.

१८५५ च्या सुमारास ते न्यू जर्सी संस्थानांतील अर्व्हिंग्टन येथें पाळक होते. तेथें त्यांनीं लहानथोरांसाठीं पवित्र शास्त्राच्या भूगोलाचा एक वर्ग काढला. त्यास ते पॅलेस्टाईनचा वर्ग म्हणत. उपासनामंदिराजवळच्या मोकळ्या जागेंत त्यांनीं पवित्र भूमीचा नकाशा जमिनीवरच आंखला, आणि मुलांस बरोबर घेऊन ते दानापासून बैर-शेब्यापर्यंत पायीं फिरत. जो विद्यार्थी अभ्यासांत पुढें जाई त्यास क्रमाक्रमानें यात्रेकरू, मग पॅलेस्टाईनचा रहिवासी, मग यरुशलेमचा रहिवासी, अशा पायऱ्या चढावयास मिळत. पाठ तोंडानें सांगितला तर मूल तो विसरतें. पायांनीं चालून शिकलेला पाठ तें विसरत नाहीं, हें त्यांनीं ओळखलें होतें.

१८५७ सालीं ते पश्चिमेकडे इलिनॉय संस्थानांत गेले व तेथें अनेक मंडळ्यांत त्यांनीं पाळकाचें काम केलें. त्यांपैकीं गलीना या गांवीं त्यांच्या श्रोत्यांत कातड्याच्या दुकानांत काम करणारा युलिसिस ग्रँट नांवाचा एक अबोल गृहस्थ असे. पुढें हाच ग्रँट गुलामगिरीच्या प्रश्नावरून पेटलेल्या यादवी युद्धांत उत्तरेचा सेनापति व मग राष्ट्राध्यक्ष झाला. १८६१ सालीं व्हिन्सेंट यांनीं शब्बाथशाळांच्या शिक्षकांसाठीं खास अभ्यासवर्ग भरविण्यास आरंभ केला. १८६२ व १८६३ या सालांत त्यांनीं यूरोप, मिसर व पॅलेस्टाईन येथें प्रवास केला. जो देश त्यांनीं मुलांस जमिनीवर आंखून दाखविला होता, तो आतां त्यांनीं स्वतःच्या डोळ्यांनीं पाहिला.

तेव्हांच्या शब्बाथशाळांची स्थिति फार शोचनीय होती. शिक्षक भाविक असत, पण आपण काय शिकवितों हें पुष्कळांस नीट ठाऊक नसे. एका वर्गांत एक पाठ, दुसऱ्यांत दुसरा, असा गोंधळ चाले. व्हिन्सेंट यांनीं शिकागो येथें शिक्षकांसाठीं मासिक काढलें. पुढें १८६८ सालीं मेथॉडिस्ट मंडळीच्या शब्बाथशाळा संघाचे चिटणीस व त्याच्या पुस्तकांचे संपादक म्हणून त्यांची नेमणूक झाली. तें काम त्यांनीं वीस वर्षें केलें. १८७२ सालीं इंडियानापोलिस शहरीं भरलेल्या परिषदेंत सर्व शब्बाथशाळांनीं एका रविवारीं एकच पाठ शिकवावा असा ठराव झाला, आणि पाठ निवडण्याच्या मंडळांत व्हिन्सेंट यांस घेण्यांत आलें. हिंदुस्थानांतही १८७६ सालीं अलाहाबाद येथें शब्बाथशाळांचा संघ स्थापन झाला व या सामान्य पाठांची पद्धत इकडेही आली. आपल्या खेड्यांतील शिक्षक रविवारचा पाठ हातीं घेऊन वर्गापुढें उभा राहतो, त्यामागें या लोकांचे श्रम आहेत.

आतां त्या छावणीकडे वळूं. अमेरिकेंत एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं वस्ती विरळ व मंदिरें थोडीं होतीं. म्हणून शेतकरी लोक वर्षांतून एकदां रानांत राहुट्या ठोकून एकत्र जमत व कित्येक दिवस उपदेश ऐकत. १८०१ सालीं केंटकी संस्थानांत केन रिज येथें असे हजारों लोक जमले होते. मेथॉडिस्ट उपदेशकांनीं ही पद्धत देशभर नेली. या छावण्यांनीं असंख्य माणसांचें जीवन पालटलें, हें खरें. पण तेथें भावनेचा पूर मोठा येई. लोक आक्रोश करीत, मूर्च्छा येऊन पडत. आणि पूर ओसरला म्हणजे पुष्कळदां शेत कोरडेंच राही. व्हिन्सेंट यांस ही गोष्ट रुचत नसे. अंतःकरण पेटलें पाहिजे, हें त्यांस मान्य होतें. पण समजुतीचें तेल नसेल तर ज्योत किती वेळ टिकणार, असें त्यांचें मत होतें.

त्यांचे मित्र लुईस मिलर हे ओहायओ संस्थानांतील ॲक्रन शहरचे कारखानदार. पीक व गवत कापण्याच्या यंत्रांत सुधारणा करून त्यांनीं संपत्ति मिळविली होती, आणि मोठ्या हौसेनें ते शब्बाथशाळा चालवीत. मधोमध सभागृह व सभोंवतीं वर्गांच्या खोल्या, अशा नमुन्याचें शाळागृह त्यांनींच आपल्या गांवीं बांधविलें होतें. त्याची नक्कल पुढें देशभर झाली. व्हिन्सेंट यांचा विचार असा होता कीं, शिक्षकांचें मोठें संमेलन शहरांतच भरवावें. मिलर म्हणूं लागले कीं, तें रानांत भरवावें. न्यू यॉर्क संस्थानाच्या पश्चिम टोंकास शटॉक्वा नांवाचें एक लांबट सरोवर आहे. त्याच्या कांठीं फेअर पॉइंट येथें मेथॉडिस्ट लोकांची छावणीची जागा तयार होती. झाडी दाट, हवा थंड, पाणी समोर. १८७३ सालीं दोघे ती जागा पाहावयास गेले. ज्या छावण्यांविषयीं मनांत शंका होती, त्यांपैकींच एका छावणीच्या जागीं आपलें काम सुरू करण्यास व्हिन्सेंट शेवटीं तयार झाले. आपलें मत मित्रासाठीं बाजूस ठेवणें हें थोर मनाचें लक्षण होय.

१८७४ सालच्या ऑगस्ट महिन्याच्या ४ थ्या तारखेस पहिलें संमेलन सुरू झालें व तें पंधरा दिवस चाललें. राहुट्या त्याच, झाडें तींच, उपदेशकाचा मंच तोच. पण दिनक्रम निराळा होता. सकाळपासून वर्ग भरत. शास्त्राचा इतिहास, भूगोल, शिकविण्याच्या रीति यांवर व्याख्यानें होत. मुलांसाठीं वेगळे वर्ग असत. संध्याकाळीं गायन होई. आणि शेवटीं शिक्षकांची लेखी परीक्षा होई. आंत येण्यास फी असे. रविवारीं फाटक बंद ठेवीत व आगबोटीस धक्क्यास लागूं देत नसत. मेथॉडिस्टांची जागा असली तरी इतर पंथांच्या लोकांसही तेथें मोकळें द्वार होतें.

सरोवराच्या कांठीं पॅलेस्टाईन देशाची एक प्रतिकृति मातीची व दगडांची बनविण्यांत आली. तिच्यांत हर्मोन पर्वत, गालील समुद्र, यार्देन नदी, मृत समुद्र व यरुशलेम नगर हीं सर्व आपापल्या ठिकाणीं मांडलेलीं होतीं. आणि खुद्द सरोवर तें भूमध्य समुद्राच्या जागीं धरलें होतें. यांत एक गंमत झाली. सरोवर पूर्वेस आणि भूमध्य समुद्र तर पॅलेस्टाईनच्या पश्चिमेस. त्यामुळें या छोट्या पॅलेस्टाईनांत सूर्य रोज पश्चिमेच्या समुद्रांतून उगवे! तरी मुलें व म्हातारीं माणसें तेथें हिंडून शास्त्र शिकत. अर्व्हिंग्टनच्या मंदिराजवळ जमिनीवर आंखलेला नकाशा येथें असा मोठा झाला. ही प्रतिकृति आजही तेथें आहे.

दुसऱ्याच वर्षीं, १८७५ सालीं, राष्ट्राध्यक्ष ग्रँट आपल्या जुन्या पाळकाच्या या संमेलनास आले व मिलर यांचे पाहुणे झाले. त्यामुळें त्या स्थळाची कीर्ति देशभर पसरली. १८७७ सालीं फेअर पॉइंट हें नांव जाऊन शटॉक्वा हेंच गांवाचें नांव झालें. पहिल्या संमेलनास आलेल्या कांहीं स्त्रियांनीं दारूबंदीसाठीं देशभर संघ काढण्याचा बेत तेथेंच ठरविला. त्याच वर्षाच्या नोव्हेंबर महिन्यांत क्लीव्हलंड शहरीं ख्रिस्ती स्त्रियांचा मद्यपाननिषेधक संघ स्थापन झाला. आपल्या पंडिता रमाबाई १८८६ पासून १८८८ पर्यंत अमेरिकेंत होत्या. तेव्हां त्यांचा याच संघाशीं निकट संबंध आला व त्याच्या पुढारी फ्रान्सेस विलर्ड त्यांच्या स्नेही झाल्या.

पण व्हिन्सेंट यांचें खरें मनोगत १८७८ सालीं प्रकट झालें. त्या सालच्या ऑगस्टच्या १० व्या तारखेस त्यांनीं एका वाचनमंडळाची योजना लोकांपुढें मांडली. जे स्त्रीपुरुष कॉलेजांत जाऊं शकले नाहींत, त्यांनीं घरींच रोज सुमारें ४० मिनिटें वाचावें. इतिहास, वाङ्मय, सृष्टिविज्ञान व पवित्र शास्त्र या विषयांवरचीं नेमलेलीं पुस्तकें चार वर्षें क्रमानें पुरीं करावींत. एका गांवचे वाचक असतील त्यांनीं आठवड्यांतून एकदां जमून चर्चा करावी. आणि शेवटीं त्यांस प्रमाणपत्र मिळावें. तरुणपणीं स्वतः केलेला तो चार वर्षांचा अभ्यास त्यांनीं आतां शेतकरी, कारागीर, दुकानदार व घरची गृहिणी यांच्या दारांत नेऊन ठेवला.

ही योजना ऐकून पत्रांचा नुसता पाऊस पडला. त्या पत्रांची उत्तरें देण्याचें काम केट किंबॉल नांवाच्या अठरा वर्षांच्या मुलीवर सोंपविण्यांत आलें. तिनें तें पुढें जन्मभर, म्हणजे १९१७ सालीं मरण येईपर्यंत, केलें. पहिल्या वर्षीं आठ हजारांवर लोकांनीं नांवें दिलीं. चार वर्षें नेटानें वाचून १८८२ सालीं सुमारें १,७०० जणांनीं अभ्यास पुरा केला. आरंभ करणारे पुष्कळ व शेवट गांठणारे थोडे, हें तेथेंही झालें. पण ज्यांनीं शेवट गांठला त्यांच्यासाठीं मोठा समारंभ करण्यांत आला. झाडींत एक सोनेरी नांवाचें फाटक उभारलें होतें. ज्यानें वाचन पुरें केलें असेल त्यानेंच त्यांतून जावें. मुलींनीं फुलें उधळलीं, आणि केस पिकलेलीं माणसेंही विद्यार्थी म्हणून त्यांतून चालत गेलीं. ज्यांस स्वतः कॉलेजाचें दार कधीं उघडलें नाहीं, त्यांनींच हें दार इतरांस उघडून दिलें होतें.

इकडे छावणीचें रूपही पालटत गेलें. राहुट्यांसाठीं आंखलेल्या त्या चिंचोळ्या जागांवरच लोकांनीं लांकडी घरें बांधलीं. म्हणून तेथील गल्ल्या अरुंद, घरें एकमेकांस खेटून, आणि घरापुढें एकावर एक दोन पडव्या, त्यांस नक्षीदार लांकडी कठडे, अशी त्या गांवाची ठेवण आहे. मिलर यांचें १८७५ सालचें घर अजून आहे. १८७९ सालीं तत्त्वज्ञानाचा मंडप उभारला. तो लांकडी होता, म्हणून १९०६ सालीं पक्का बांधला, व वाचन पुरें करणाऱ्या वर्गांच्या स्मरणार्थ त्याच्या जमिनींत शिळा बसविल्या. १८८१ सालीं मोठें पथिकगृह व १८९३ सालीं हजारों माणसें बसतील असा सभामंडप झाला.

१८८८ सालीं व्हिन्सेंट यांस बिशप निवडण्यांत आलें. १८९९ सालीं त्यांचे मित्र मिलर वारले. पुढें बिशप व्हिन्सेंट यूरोपांतील मंडळ्यांच्या देखरेखीसाठीं स्वित्झर्लंडांतील झुरिक येथें राहिले व १९०४ सालीं कामांतून निवृत्त झाले. १९२० सालच्या मे महिन्याच्या ९ व्या तारखेस शिकागो येथें, वयाच्या ८८ व्या वर्षीं, त्यांनीं देह ठेविला. त्यांचे चिरंजीव जॉर्ज हे शटॉक्वा संस्थेचे व पुढें मिनेसोटा विद्यापीठाचे अध्यक्ष झाले. बापाला जें मिळालें नाहीं तें मुलानें भरपूर मिळविलें.

संस्थापक गेल्यावर गांवावर संकटें आलीं. १९३३ सालीं मंदीच्या दिवसांत संस्था कर्जांत बुडून कोर्टानें नेमलेल्या रिसीव्हराच्या हातीं गेली. तिच्या स्नेह्यांनीं देणग्या जमविल्या व १९३६ सालीं तिला कर्जमुक्त केलें. १९८९ सालीं अमेरिकन सरकारनें या सबंध गांवास राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून मान दिला. व्हिक्टोरिया राणीच्या काळचीं तीं घरें पाहावयास आज लांबलांबून लोक येतात; उन्हाळ्यांत नऊ आठवडे तेथें व्याख्यानें, उपासना व गायन चालतें. तरी लांकूड तें लांकूड. १८९३ चा सभामंडप जीर्ण झाला म्हणून, कित्येकांचा विरोध असतांही, २०१६ सालीं तो पाडला, व दुसऱ्या वर्षीं त्याच घाटाचा नवा मंडप उघडला. वाचनमंडळ मात्र १८७८ पासून आजतागायत चालू आहे.

प्रिय वाचकहो, राहुटी गेली, तिच्या जागीं घर आलें. मंडप पडला, तेथें दुसरा झाला. पण घरच्या दिव्याशीं बसून एका मनुष्यानें रोज थोडें वाचावें, ही पद्धत कोणास पाडावी लागली नाहीं. आपल्यांतील पुष्कळ उपदेशक व शिक्षक असे आहेत कीं, ज्यांचें शिक्षण गरिबीमुळें मध्येंच तुटलें. आपणच अर्धवट शिकलेले, मग दुसऱ्यांस काय शिकविणार, असें त्यांच्या मनांत येतें. त्यांनीं बिशप व्हिन्सेंट यांच्याकडे पाहावें. उणीव लपवूं नये व तिच्यापुढें हातही टेकूं नयेत. सभा संपून लोक घरोघर गेले म्हणजे आपल्या गांवच्या दोघां-चौघांस जवळ बोलवावें, एक पुस्तक निवडावें, आणि आठवड्यांतून एक संध्याकाळ त्यासाठीं राखून ठेवावी. जमिनीवर काठीनें पॅलेस्टाईनचा नकाशा आंखावयास तर पैही लागत नाहीं.